नवा प्रोसेसर घरी संगणक जोडणाऱ्याच्या हाती आधी आणि मोठ्या कंपनीच्या संगणकात नंतर, असे का?

जोडणीकार (धागाकर्ता)

मी गेली बरीच वर्षे स्वतःसाठी आणि मित्रमंडळींसाठी सुटे भाग आणून डेस्कटॉप जोडतो आहे. या काळात एक गोष्ट वारंवार नजरेस आली आणि तिचे मनाजोगे उत्तर मला अजून मिळालेले नाही. प्रोसेसरची नवी पिढी विक्रीला येते त्याच दिवशी माझ्यासारखा माणूस खोकाबंद असा एक नग विकत घेऊ शकतो, त्याला बसणारा मदरबोर्डही त्याच दिवशी मिळतो आणि सगळे नीट जुळले तर रात्रीपर्यंत संगणक सुरू होतो. मात्र त्याच पिढीचा साधा कार्यालयीन डेस्कटॉप मोठ्या कंपन्यांच्या यादीत शोधावा, तर तो कित्येक आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसू लागतो.

इंटेलच्या बाराव्या पिढीचे उदाहरण घ्या. ४ नोव्हेंबर २०२१ रोजी जे डेस्कटॉप प्रोसेसर विक्रीला आले, ते सगळे ‘के’ अक्षराचे, म्हणजे हौशी लोकांना हवे असतात तसे ओव्हरक्लॉक करता येणारे (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येणारे) होते. कार्यालयीन संगणकांत बसणारी ६५ वॅटची मॉडेल जानेवारी २०२२मध्ये जाहीर झाली. तेराव्या पिढीत ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२३, चौदाव्या पिढीत ऑक्टोबर २०२३ आणि जानेवारी २०२४, असाच क्रम राहिला. तेव्हा हा योगायोग नाही एवढे उघड आहे.

व्यवहाराच्या नियमाने पाहिले तर लाखांनी माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाचा मान पहिला असायला हवा आणि एक नग घेणाऱ्याचा शेवटचा. इथे उलटे का दिसते? मोठ्या कंपन्यांना आधी जुना साठा संपवायचा असतो असे काही जण सांगतात. नव्या मालातले दोष आपल्याकडून शोधून घेतले जातात, असेही काही जण मानतात. या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्या कोणी नीट समजावून सांगितले तर आभारी राहीन.

चाचणीकक्ष

प्रश्न चांगला आहे, पण त्यातले एक गृहीतक आधी बाजूला काढावे लागेल. मोठ्या कंपनीला प्रोसेसर तुमच्यानंतर मिळत नाही. तिला तो तुमच्या कितीतरी महिने आधी मिळालेला असतो. उशीर होतो तो त्या प्रोसेसरभोवती बांधलेला संगणक दाराबाहेर पडायला.

मी काही वर्षे एका मोठ्या संगणक कंपनीच्या पडताळणी विभागात होतो. नव्या पिढीचे इंजिनिअरिंग सँपल, म्हणजे अजून पक्के न झालेले नमुने, आमच्याकडे अधिकृत घोषणेच्या बरेच आधी येत असत. त्यांच्यावर विक्रीच्या मालासारखे नाव छापलेले नसे, वेग पुष्कळदा ठरल्यापेक्षा कमी असे आणि काही सुविधा बंद असत. त्यानंतर क्वालिफिकेशन सँपल येत, जे जवळजवळ अंतिम मालासारखे असत, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष उत्पादनातला माल. या प्रत्येक टप्प्यावर आमचा मदरबोर्ड, आमचे बायोस (संगणक सुरू होताना चालणारी मूळ आज्ञावली) आणि आमचा पंखा पुन्हा तपासावा लागे. घरी जोडणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही, कारण त्याच्यासाठी ते काम मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीने तिच्या परीने केलेले असते आणि उरलेले तो स्वतः, स्वतःच्या जबाबदारीवर, घरी करतो.

हे उरलेले काम किती मोठे असते, याचा अंदाज यावा म्हणून एकच प्रसंग सांगतो. एका कार्यालयीन मॉडेलवर आम्ही निद्रा आणि जागृतीची चाचणी लावली होती. रॅकवर ओळीने ठेवलेले संगणक झोपवायचे, काही सेकंदांनी उठवायचे, पडदा, कीबोर्ड आणि नेटवर्क परत आले का ते एका स्क्रिप्टने तपासायचे आणि पुन्हा झोपवायचे, असे दिवसरात्र हजारो वेळा चाले. सगळे सुरळीत होते, फक्त एका संगणकावर साधारण हजार फेऱ्यांतून एकदा दुसरा मॉनिटर उठत नसे. डिस्प्लेपोर्टची तार बदलली, मॉनिटर बदलला, प्रोसेसर दुसऱ्या संगणकात घालून पाहिला. दोष शेवटी मदरबोर्डावरच्या एका छोट्या नियंत्रक चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे तिच्यात बसवलेल्या आज्ञावलीत, सापडला. ती जागे होताना तापमान वाचायला काही मिलिसेकंद लवकर धावत होती. दुरुस्ती दोन ओळींची होती, पण ती सापडायला तीन आठवडे गेले आणि त्यानंतर ती चाचणी पहिल्यापासून लावावी लागली.

आता विचार करा, तुमच्या घरच्या संगणकावर हजारातून एकदा मॉनिटर उठला नाही तर तुम्ही काय कराल? बटण दाबून पुन्हा सुरू कराल आणि विसरून जाल, आणि त्यात चूक काहीच नाही. पण तेच मॉडेल एका बँकेने वीस हजार नग घेतले असेल, तर रोज सकाळी वीस ठिकाणांहून तक्रारीचे फोन येतील. दोषाचे प्रमाण तेच राहते, नगांची संख्या वाढली की त्याचा अर्थ बदलतो.

याशिवाय पुष्कळ कामे अशी असतात ज्यांचा प्रोसेसरशी थेट संबंध नसतो, पण ती प्रोसेसर पक्का झाल्याशिवाय पुरी होत नाहीत. विद्युतचुंबकीय उत्सर्जनाची प्रमाणपत्रे संपूर्ण संगणकासाठी घ्यावी लागतात. पंख्याच्या आवाजाची मर्यादा ठरलेली असते. कारखान्यात घालून द्यायची प्रणाली, तिच्यातले ड्रायव्हर, दुरुस्तीची पुस्तिका, पुढची काही वर्षे पुरतील एवढे सुटे भाग, हे सगळे विक्रीच्या पहिल्या दिवशी तयार असावे लागते. मग माल जहाजाने जातो आणि त्यातच काही आठवडे निघून जातात.

कार्यालयीन ग्राहकांचा आणखी एक आग्रह असतो, तो हौशी मंडळींच्या अगदी उलट आहे: त्यांना बदल नको असतो. इंटेलचा स्टेबल इमेज प्लॅटफॉर्म नावाचा कार्यक्रम नेमका याच गरजेतून आला. किमान १५ महिने किंवा पुढची पिढी येईपर्यंत त्या व्यासपीठाच्या मुख्य भागांत बदल होणार नाही, अशी हमी त्यात दिली जाते, म्हणजे संगणक विभागाने एकदा तयार केलेली प्रणालीची प्रत शेवटच्या नगापर्यंत तशीच चालते. एवढे वचन द्यायचे तर मदरबोर्डाची पहिली आवृत्ती घाईने बाजारात आणून चालत नाही.

वेफर

चाचणीकक्ष यांच्या प्रतिसादाशी सहमत आहे. त्यांनी संगणकाच्या बाजूने सांगितले. मी सिलिकॉनच्या बाजूने थोडे जोडतो, कारण ‘के’ मॉडेल आधी का येतात याचे अर्धे उत्तर तिथे आहे.

कोरा वेफर, म्हणजे जिच्यावर चिप घडवतात ती सिलिकॉनची चकती, कारखान्यात गेल्यापासून तयार चिप हाती यायला तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. शेकडो प्रक्रिया एकामागून एक होत असल्याने हा वेळ पैसे टाकून कमी करता येत नाही. म्हणून घोषणेच्या दिवशी जेवढा माल उपलब्ध असतो, तो काही महिन्यांपूर्वी घेतलेल्या निर्णयाचे फळ असतो आणि त्या वेळी पुरेशी खात्री नसल्याने उत्पादन बेताचेच धरलेले असते. हा थोडका माल विकायला सुटे भाग घेणाऱ्यांचा बाजार सोयीचा पडतो. तिथे शंभर नग आले तर शंभर विकले जातात, संपले तर ग्राहक थांबतो किंवा दुसरे मॉडेल घेतो, आणि कोणाशी कसलाही करार मोडत नाही. मोठ्या कंपनीला मात्र एकाच मॉडेलचे लाखो नग ठरल्या तारखांना, महिनोन्‌महिने अखंड हवे असतात. हा पुरवठा मध्येच आटला तर तिच्या जुळणीच्या ओळी थांबतात, कारण केस, पॉवर सप्लाय, रॅम सगळे येऊन पडलेले असते आणि एका चिपसाठी खोळंबते.

दुसरे कारण किमतीच्या उतरंडीचे आहे. सर्वांत महाग मॉडेलची मागणी नगांत थोडी पण नफ्यात मोठी असते, म्हणून सुरुवातीचा मर्यादित माल तिकडे वळवणे स्वाभाविक आहे. त्यातच स्वस्त मॉडेल कधीकधी वेगळ्याच, लहान आकाराच्या सिलिकॉनवर बनते. जोडणीकार यांनी बाराव्या पिढीचे उदाहरण दिले, त्यातच हे पाहता येते: नोव्हेंबरमधले मोठे प्रोसेसर आठ मोठ्या आणि आठ छोट्या कोरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-घटकांच्या) तुकड्यातून निघाले होते, तर जानेवारीतल्या सहा कोरच्या आय५-१२४००साठी केवळ सहा मोठ्या कोरचा एक स्वतंत्र, लहान तुकडाही आखलेला होता. वेगळा तुकडा म्हणजे वेगळे मास्क (चिपची नक्षी उमटवायचे साचे), वेगळी पडताळणी, वेगळे वेळापत्रक. कार्यालयीन डेस्कटॉपला हाच स्वस्त, थंड राहणारा आणि भरपूर संख्येने मिळणारा प्रोसेसर हवा असतो. त्यामुळे त्याची वाट पाहणे आणि संगणक उशिरा येणे या दोन्ही गोष्टी एकच ठरतात. मोठ्या कंपन्यांच्या गेमिंग मालिका पाहिल्यात तर हा मुद्दा स्पष्ट होईल. त्यांत ‘के’ मॉडेल असतात आणि त्या पुष्कळदा घोषणेच्या आसपासच विक्रीला येतात.

जुन्या साठ्याचा मुद्दा खरा आहे, पण तो दुय्यम आहे असे माझे मत आहे. साठा हा तारीख चार-सहा आठवड्यांनी पुढेमागे करतो.

अवांतर: ‘मोठ्यांच्या आधी हौशींना’ ही गोष्ट वैयक्तिक संगणकाच्या जन्मापासूनची आहे. सप्टेंबर १९७५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्कॉन प्रदर्शनाच्या वेळी एमओएस टेक्नॉलॉजीने ६५०२ हा प्रोसेसर येईल त्याला २५ डॉलरला एक असा सुटा विकला. प्रदर्शनाच्या दालनात विक्रीला परवानगी नसल्याने ती विक्री हॉटेलच्या खोलीतून झाली. तिथून प्रोसेसर घेणाऱ्यांत स्टीव्ह वॉझनियॅक होते आणि त्यांनी त्याच प्रोसेसरभोवती पुढे ॲपल-१ रचला. आयबीएमचा पीसी यायला १९८१चा ऑगस्ट उजाडला. पुढे इंटेलचा ३८६ ऑक्टोबर १९८५मध्ये जाहीर झाला, तेव्हाही तो वापरणारा संगणक कॉम्पॅकने सप्टेंबर १९८६मध्ये आणला आणि सर्वांत मोठ्या आयबीएमचा ३८६ संगणक १९८७मध्ये आला. कॉम्पॅक काही हौशी नव्हती, पण जिच्यावर जुन्या ग्राहकांचे ओझे कमी ती पुढे जाते, हे तिथेही दिसते.

जोडणीकार

दोघांचेही मनापासून आभार. चिप आधी मिळते आणि संगणक नंतर निघतो, हा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता. पण मग माझ्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिकच टोचू लागतो. आम्ही नवा माल पहिल्या दिवशी घेतो, दोष आमच्याकडे आधी दिसतात, आणि त्यानंतर निघणारे कार्यालयीन संगणक त्या दुरुस्त्यांसह निघतात. मग ‘तुमच्याकडून तपासून घेतात’ असे म्हणणारे अगदीच चुकीचे आहेत का?

सोल्डर

जोडणीकार, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मी प्रामाणिक उत्तर देतो: हेतू तसा नसेल, परिणाम मात्र पुष्कळदा तसाच होतो, आणि पहिल्या दिवशी माल घेणाऱ्याने हे मनाशी पक्के धरूनच घ्यावा.

इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी हिचा पहिला रायझन प्रोसेसर २ मार्च २०१७ रोजी विक्रीला आला, तेव्हा मी तो पहिल्याच आठवड्यात घेतला होता. प्रोसेसर उत्तम होता, पण माझी रॅम तिच्यावर छापलेल्या वेगाने काही केल्या चालेना. मी रात्री बसून एकेक आकडा बदलायचो, संगणक तीनदा आपोआप बंद-चालू व्हायचा आणि शेवटी मूळ वेगावर परत यायचा. मे महिन्याच्या अखेरीस एएमडीने एजेसा १.०.०.६ची माहिती दिली. एजेसा म्हणजे प्रत्येक मदरबोर्डाच्या बायोसमध्ये बसणारा एएमडीचा मूळ संच. त्यात मेमरीसाठी २६ नवी परिमाणे खुली झाली. माझ्या मदरबोर्डाचे नवे बायोस आले, मी ते घातले आणि तीच रॅम पहिल्याच प्रयत्नात पूर्ण वेगाने चालली. व्यवसायांसाठीची रायझन प्रो मालिका जूनच्या अखेरीस जाहीर झाली आणि तिचे डेस्कटॉप त्यानंतर आले. म्हणजे माझ्यासारख्यांच्या त्या रात्री कार्यालयातल्या कोणाला काढाव्या लागल्या नाहीत. मला याचा राग नाही, पण हे घडले हे खरे.

एप्रिल २०२३मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट (मदरबोर्डावरच्या त्याच्या बैठकीसकट) जळाल्याची छायाचित्रे आली, तीही हौशी वापरकर्त्यांच्या संगणकांचीच होती. मेमरीचा वेग वाढवताना काही मदरबोर्ड एसओसीचे (प्रोसेसरमधल्या मेमरी नियंत्रक वगैरे भागाचे) व्होल्टेज फार वर नेत होते; नंतरच्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर अडवले गेले. इथे दोष ज्या वाटेने शिरला ती वाट कार्यालयीन संगणकात बहुतेक बंदच असते, कारण त्याच्या बायोसमध्ये असले पर्याय दिलेलेच नसतात. म्हणजे आपण केवळ आधी वापरतो असे नाही, अधिक धोक्याच्या पद्धतीनेही वापरतो.

पण दोष हौशींनी शोधल्यावर मोठ्या कंपन्या निर्धास्त होतात, असेही समजू नये. जानेवारी २०११मध्ये इंटेलची सँडी ब्रिज पिढी आली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला इंटेलने तिच्या जोडीच्या ६-मालिकेतल्या चिपसेटचा, म्हणजे मदरबोर्डावरच्या साहाय्यक चिपचा, पुरवठा थांबवला. ३ गिगाबिटच्या साटा पोर्टना (जिथे डिस्क जोडतात त्या जागांना) घड्याळ पुरवणाऱ्या भागातला एक ट्रान्झिस्टर काळाबरोबर खराब होत होता. हा दोष पहिल्या दिवशी दिसण्यासारखा नव्हता, कोणा हौशी माणसाला तीन आठवड्यांत तो कळला नसता. दुरुस्ती आणि बदली यांचा खर्च इंटेलने सुमारे ७० कोटी डॉलर धरला होता. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट निर्दोष असल्याने, केवळ तेवढेच वापरणाऱ्या संगणकांसाठी तो चिपसेट काही दिवसांत पुन्हा दिला जाऊ लागला. ज्याने एक मदरबोर्ड घेतला होता त्याला तो बदलून घ्यावा लागला. ज्याने गोदामे भरली होती त्याची काय गत झाली असेल, याची कल्पना करा. मोठ्या कंपनीचा सावधपणा अशा अनुभवांतून येतो, त्याला केवळ सुस्ती म्हणणे बरोबर नाही.

उलटतपासणी

धाग्यात माहिती चांगली आली आहे, पण मूळ विधान सरसकट मान्य करू नये अशी माझी विनंती आहे. प्रोसेसर हौशींना आधी मिळतो, हे फक्त महागड्या डेस्कटॉप प्रोसेसरपुरते खरे आहे. बाकी ठिकाणी क्रम बरोबर उलटा असतो आणि तो का उलटतो हे पाहिले तर मूळ प्रश्नही अधिक उलगडतो.

लॅपटॉपचा विचार करा. तिथे प्रोसेसर बोर्डावर थेट जोडलेला असतो, म्हणून सुटा विकण्याचा प्रश्नच येत नाही. मोठी कंपनी पहिली आणि बहुतेक वेळा एकमेव. डेस्कटॉपवरही एएमडीचे एएम४ सॉकेट सप्टेंबर २०१६मध्ये पहिल्यांदा आले ते एचपी आणि लेनोव्होच्या तयार संगणकांतून. त्यातले ब्रिस्टल रिज प्रोसेसर सुटे मिळायला जुलै २०१७ उजाडला. जुलै २०२०मध्ये आलेले रायझन ४०००जी तर तेव्हा केवळ संगणक कंपन्यांनाच दिले गेले. पुढच्या वर्षीचे ५०००जी एप्रिलमध्ये संगणक कंपन्यांना आणि ऑगस्टमध्ये सुटे मिळाले. थ्रेडरिपर प्रो जुलै २०२०मध्ये आला तो लेनोव्होच्या एका वर्कस्टेशनमधून, आणि घरी जोडणाऱ्याला त्यासाठी २०२१ची वाट पाहावी लागली.

सर्व्हरकडे वळलात तर अंतर आणखी वाढते. गूगलने आपल्या क्लाउडवर इंटेलचे स्कायलेक झिऑन हे सर्व्हर प्रोसेसर फेब्रुवारी २०१७मध्ये उपलब्ध करून दिले, आणि त्या प्रोसेसरची अधिकृत घोषणा त्यानंतर जुलैमध्ये झाली. इथे ग्राहक इतका मोठा आहे की स्वतःचा मदरबोर्ड, स्वतःचे फर्मवेअर आणि स्वतःचे अभियंते घेऊन तो निर्मात्याबरोबर घोषणेआधीच बसतो. शिवाय तो संगणक कोणाला विकत नाही. त्याची वॉरंटी, खोके, पुस्तिका, जहाज यांपैकी काही नसते; दोष सापडला तर यंत्र बाजूला काढून काम दुसऱ्या यंत्रावर हलवता येते.

या दृष्टीने घरी जोडणारा आणि क्लाउड कंपनी यांच्यात एक साम्य आहे. दोघेही स्वतः जोडतात, स्वतः वापरतात आणि बिघडले तर स्वतः निस्तरतात. मधली संगणक कंपनी दुसऱ्याने बनवलेल्या चिपची हमी तिसऱ्याला देते, म्हणून तिला वेळ लागतो. पण चिपनिर्मात्यानेच एखादे मॉडेल मुद्दाम तिच्यासाठी राखून ठेवले, तर मात्र हौशी माणूस कितीही तयार असला तरी त्याला ते मिळत नाही.

चाचणीकक्ष

उलटतपासणी यांचा हमीचा मुद्दा मला पटला. त्याला एक जोड देतो. सुटा प्रोसेसर घेताना तो खोक्यातला आहे की ट्रेमधला, हे जरूर पाहावे. खोक्यातल्या मालाची वॉरंटी प्रोसेसर बनवणारी कंपनी थेट देते. ट्रेमधला माल संगणक कंपन्यांसाठी असतो आणि त्याची जबाबदारी त्या कंपनीने घेतलेली असते, म्हणून तोच प्रोसेसर बाजारात सुटा आला तर त्याच्यामागे पुष्कळदा फक्त विक्रेत्याचा शब्द उरतो. चिप एकच, पण जबाबदारी कोणाची याप्रमाणे तिचे दोन माल होतात.

जोडणीकार

आता माझा प्रश्न मलाच वेगळा दिसतो आहे. गेल्या खेपेस एका मित्रासाठी डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅमचा संगणक जोडला, तेव्हा पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरले, मदरबोर्डावर मेमरीचा पिवळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. दोन मिनिटांनी मी घाबरून वीज काढली, रॅम उलटसुलट बसवून पाहिली आणि पुन्हा तेच झाले. तिसऱ्यांदा हात न लावता नुसता बसून राहिलो, तेव्हा काही मिनिटांनी पडदा उजळला. मदरबोर्ड रॅमच्या वेळा स्वतः शिकत होता आणि मी दर वेळी त्याला अर्ध्यावर तोडत होतो. हे पुस्तिकेत कुठेही ठळक लिहिलेले नव्हते. चाचणीकक्ष यांच्या बँकेतल्या वीस हजार टेबलांवर त्या दिवशी काय झाले असते, हे आता कळते.

तो मित्र आता त्याच्या कार्यालयासाठी आठ संगणक मागतो आहे. मी जोडून देईन म्हणालो होतो. आज त्याला फोन करून सांगणार आहे की स्वतःचा एक माझ्याकडून घे आणि ते आठ थोडे थांबून तयारच घे.